एका षटकावर माणूस तोलू नका : नशीब, कसब आणि आपली निकालाची घाई

#थ्रेड

१/
इतिहासप्रेमी मित्रहो, आजचा धागा गडकोटांवर नाही, ताम्रपटांवरही नाही. तो क्रिकेटच्या शेवटच्या षटकावर आहे. तरीही तो इतिहासाचाच आहे, कारण प्रश्न इतिहासाचा आहे : एखाद्या माणसाचे मोल त्याच्या हातून घडलेल्या निकालावरून ठरवावे काय? माझे उत्तर आरंभीच सांगतो : नाही. आणि जे तसे ठरवितात, त्यांच्याशी आज भांडायचे आहे.

२/
निमित्त आपल्या घरचेच आहे. दिवाळी सरली, ऊस तोडीला आला, की बारामती-इंदापूर पट्ट्यात टेनिस बॉलच्या स्पर्धांना ऊत येतो. भिगवणपासून बावड्यापर्यंत आणि सुप्यापासून वालचंदनगरपर्यंत मोकळ्या रानात खेळपट्ट्या आखल्या जातात, लाउडस्पीकर बांधले जातात. प्रत्येक स्पर्धेअखेर एक ‘वाघ’ ठरतो आणि एक ‘पनवती’. बहुधा हे दोघेही शेवटचे षटक टाकणारे असतात.

३/
‘वाघा’च्या बाजूने नेहमी तीन युक्तिवाद ऐकू येतात. पहिला : निकाल खोटे बोलत नाही. दुसरा : दबावात माणसाचा खरा कस लागतो. तिसरा : नशीबही शूरालाच साथ देते. तिन्ही वाक्ये ऐकायला भारदस्त आहेत. पुराव्यावर घासली की तिन्हींचा मुलामा उडतो. घासून पाहू.

४/
पहिला पुरावा : कोलकाता, ईडन गार्डन्स, २४ नोव्हेंबर १९९३. हिरो चषकाचा उपांत्य सामना. भारताच्या १९५ धावा. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला हव्या होत्या ६. कपिल देव, श्रीनाथ यांच्यासारखे कसलेले गोलंदाज संघात असताना चेंडू वीस वर्षांच्या सचिन तेंडुलकरच्या हाती आला. त्या सामन्यात त्याने तोवर एकही चेंडू टाकला नव्हता. त्याने ३ धावा दिल्या आणि भारत २ धावांनी जिंकला.

५/
ही कथा सर्वांना पाठ आहे. आता स्कोअरबुक उघडा. सचिनचे पृथक्करण : १ षटक, ० निर्धाव, ३ धावा, ० बळी. पहिल्या चेंडूवर दुसऱ्या धावेच्या मोहात फॅनी डिव्हिलियर्स धावबाद झाला. धावबादाचा बळी गोलंदाजाच्या खात्यात लिहीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पुढचे तीन चेंडू अॅलन डोनाल्डला खेळता आले नाहीत. डोनाल्ड जगातल्या उत्तम वेगवान गोलंदाजांपैकी एक. फलंदाजी हा त्याचा प्रांत नव्हे.

६/
याचा अर्थ सचिनचे कर्तृत्व शून्य होते काय? मुळीच नाही. हात थरथरला नाही, स्वैर चेंडू पडला नाही, टप्पा आखूड ठेवला नाही. हे त्याचे. पण डिव्हिलियर्सचा मोह, क्षेत्ररक्षकाची अचूक फेक आणि समोर उभा असलेला अकरावा फलंदाज, हे त्याचे नव्हे. आपण मात्र सगळे एकाच नावावर जमा केले.

७/
“अहो, पण त्याने ते पुन्हा करून दाखवले!” हे उत्तर मला ठाऊक आहे. खरे आहे. मोहाली, ३ नोव्हेंबर १९९६, टायटन चषक. भारत २८९, ऑस्ट्रेलियाला शेवटच्या षटकात पुन्हा ६ धावा हव्या, एकच गडी शिल्लक. कर्णधार सचिनने चेंडू स्वतःकडे घेतला. पहिल्याच चेंडूवर ब्रॅड हॉग धावबाद. भारत ५ धावांनी विजयी.

८/
आता बेरीज करा. कोलकात्यात ६ चेंडू, मोहालीत १. ‘शेवटच्या षटकाचा जादूगार’ ही सारी दंतकथा सात चेंडूंवर उभी आहे, आणि त्यांतले दोन्ही निर्णायक बळी धावबाद आहेत! सचिनने एकदिवसीय सामन्यांत आठ हजारांहून अधिक चेंडू टाकले आणि १५४ बळी मिळवले. गोलंदाज म्हणून त्याची योग्यता सांगायची तर ती त्या आठ हजारांत आहे. आपण सात घेतले आणि आठ हजार सोडले.

९/
दुसरा पुरावा याच नाण्याची दुसरी बाजू आहे. शारजा, १८ एप्रिल १९८६. पाकिस्तानला शेवटच्या षटकात ११ धावा हव्या होत्या. गोलंदाज वीस वर्षांचा चेतन शर्मा. पुढचे ठाऊकच आहे : अखेरच्या चेंडूवर ४ हव्या असताना यॉर्कर टाकायला गेलेला चेंडू फुलटॉस पडला आणि जावेद मियाँदादने षटकार मारला.

१०/
हे षटकही चेंडूनिहाय वाचा. पहिल्या चेंडूवर दुसरी धाव घेताना वसीम अक्रम धावबाद. नंतर चौकार, मग एक धाव. चौथ्या चेंडूवर चेतनने झुल्करनैनचा त्रिफळा उडवला. नववा गडी बाद. पाचव्या चेंडूवर शेवटचा फलंदाज तौसिफ अहमद चोरटी धाव घ्यायला पळाला. फेक यष्ट्यांना लागली असती तर सामना तिथेच संपत होता आणि भारत जिंकत होता. ती लागली नाही.

११/
इथे क्षणभर थांबा. कोलकात्यात फेक अचूक आली आणि सचिन ‘जादूगार’ झाला. शारजात फेक चुकली आणि चेतन जन्मभराचा गुन्हेगार झाला. दोन्ही फेकी गोलंदाजाने केलेल्या नव्हत्या. एका पिढीने चेतन शर्माचे नाव शिवीसारखे वापरले ते दुसऱ्याच्या हातून सुटलेल्या फेकीमुळे आणि त्याच्या स्वतःच्या एका निसटलेल्या चेंडूमुळे. त्या डावात त्याने ३ बळी घेतले होते, हे किती जणांना आठवते?

१२/
आणि हा ‘दबावात कोसळणारा’ माणूस पुढे काय करतो? त्याच १९८६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये दोन कसोटींत १६ बळी घेतो. त्यांतले १० एकट्या बर्मिंगहॅमच्या कसोटीत. पुढच्या वर्षी, ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी, आपल्या नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकाच्या इतिहासातली पहिली हॅट्‌ट्रिक घेतो. रदरफोर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड; तिघांचेही त्रिफळे. तिथे क्षेत्ररक्षकाच्या कृपेचा प्रश्नच नव्हता. तरी लोकांनी शारजाच लक्षात ठेवले.

१३/
तिसरा पुरावा : जोहान्सबर्ग, २४ सप्टेंबर २००७. पहिल्या ट्वेंटी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना. तेव्हा भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षपद बारामतीच्या शरद पवारांकडे होते, त्यामुळे आपल्याकडे त्या विजयाची आठवण जरा अधिक अभिमानाने काढली जाते. शेवटच्या षटकात १३ हव्या, एक गडी बाकी. जोगिंदर शर्माचा पहिला चेंडू वाइड. दुसरा निर्धाव. तिसऱ्यावर मिसबाहचा षटकार. आता चार चेंडूंत ६.

१४/
इथवर जोगिंदरचे षटक चेतनच्या षटकापेक्षा सरस होते, असे कोणता परीक्षक म्हणेल? पुढच्या चेंडूवर मिसबाहने यष्टिरक्षकामागे स्कूप मारला आणि तो शॉर्ट फाइन लेगवर श्रीशांतच्या हातात विसावला. फटका थोडा अधिक लांब गेला असता तर आज जोगिंदरचे नाव आपण चेतनच्या रांगेत घेतले असते. तो गेला नाही, म्हणून तो नायक ठरला. तो त्याचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना होता. त्याच सामन्यात ४ षटकांत १६ धावा देऊन ३ बळी घेणारा इरफान पठाण सामनावीर ठरला, पण लोकांच्या स्मरणात शेवटचे षटकच उरले.

१५/
आता इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ओळखीचे उदाहरण. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना, भाऊंचे नेतृत्व, पुण्यात जयजयकार. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर तेच भाऊ, तोच गारदी, त्याच तोफा. दुपारी विश्वासरावांना गोळी लागली आणि फौजेचे अवसान गळाले. एका वर्षाच्या आत ‘रणधुरंधर’ माणूस ‘हेकट’ झाला. नंतर लिहिलेल्या बखरींत त्यांच्या प्रत्येक जुन्या निर्णयात दोष सापडू लागला.

१६/
भाऊंच्या चुका नव्हत्या असे मी म्हणत नाही. रसद तुटणे, सोबतचे यात्रेकरू आणि बुणगे, उत्तरेत मित्र न उरणे, यांचा हिशेब मांडलाच पाहिजे. पण तो हिशेब विश्वासरावांना गोळी लागली नसती तरी तसाच मांडायला हवा होता. चूक ही निर्णय घेताना जे ठाऊक होते त्यावरून ठरते. नंतर काय घडले त्यावरून नव्हे. आपण समकालीन पत्राला बखरीपेक्षा अधिक वजन देतो ते याच कारणासाठी. मग क्रिकेटमध्ये आपण सारे बखरकार का होतो?

१७/
उलट दिशेची चूकही पाहा. इंदापूर हे मालोजीराजे भोसल्यांच्या अखेरच्या लढाईचे गाव. निजामशाहीची चाकरी करीत, तलवारीच्या जोरावर त्यांनी घराण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि इथेच ते रणात पडले. पण उत्तरकालीन कथा काय सांगते? देवीने दृष्टांत देऊन गुप्तधन दाखविले म्हणून भोसल्यांचा उत्कर्ष झाला! म्हणजे हरलेल्याचे नशीब आपण त्याचा दोष म्हणून लिहितो आणि जिंकलेल्याचे कष्ट कधी कधी नशीब म्हणून. दोन्हीकडे माणूस हरवतो.

१८/
म्हणून “सगळे नशीबच असते” असे म्हणणाऱ्यांचाही मी सोबती नाही. कसब असते, ते मोजता येते. मात्र त्याला वेळ लागतो. त्याचा नमुना म्हणून नाशिकचे बापू नाडकर्णी घ्या. जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध कसोटी : ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी. त्यांत सलग २१ निर्धाव षटके. सलग १३१ चेंडूंवर धाव नाही.

१९/
संशयखोर म्हणेल, “समोरचे बोलस आणि बॅरिंग्टन फटके मारायलाच तयार नव्हते, हे नशीब नव्हे काय?” शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर त्या एका दिवसात नाही. ते ४१ कसोटींत आहे. नऊ हजारांहून अधिक चेंडू, ८८ बळी, षटकामागे सरासरी १.६७ धावा. फलंदाज बदलले, देश बदलले, खेळपट्ट्या बदलल्या. आकडा बदलला नाही. सरावात खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर चेंडू टाकण्याची त्यांची सवय क्रिकेटविश्वात सांगितली जाते. नशिबाला नऊ हजार चेंडूंचा दम नसतो.

२०/
आणि गंमत अशी, की मद्रासचा तो सामना अनिर्णित राहिला. बळी शून्य, निकाल शून्य. निकालाच्या तराजूत नाडकर्णींच्या त्या गोलंदाजीला वजनच नाही! ज्या तराजूत सात चेंडू जड होतात आणि नऊ हजार हलके, तो तराजू फेकून देण्याच्या लायकीचा आहे.

२१/
हा वाद आपल्यापुरता नाही. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये त्याला नियमांचेच रूप आले. तिथे चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात, आणि सामना हातात असताना शेवटी उतरणारा एक खास बदली पिचर असतो. जेरोम होल्ट्झमन नावाच्या क्रीडापत्रकाराने त्याच्यासाठी ‘सेव्ह’ हा हिशेब सुचवला आणि १९६९ पासून तो अधिकृत झाला. ढोबळ नियम असा : तीन धावांच्या आत आघाडी असताना या, एक डाव टाका, आघाडी टिकवा, सेव्ह तुमचा. म्हणजे तीनची आघाडी असताना दोन धावा देऊनही माणूस ‘यशस्वी’!

२२/
उलटही घडते. आधीच्या पिचरने मैदानात खेळाडू चढवून ठेवले असताना बदली पिचर येतो. ते खेळाडू घरी पोहोचले तर त्या धावा आधीच्याच्या खात्यात पडतात. बदली पिचर कितीही वाईट खेळला तरी त्याचा आकडा स्वच्छ, कितीही उत्तम खेळला तरी श्रेय धूसर. शिवाय असा पिचर वर्षाकाठी साठ-सत्तर डावच टाकतो. नियमित पिचरच्या साधारण एक तृतीयांश. इतक्या थोड्या चेंडूंत दैवाचा गोंगाट फार आणि कसबाचा आवाज क्षीण असतो.

२३/
या शतकाच्या आरंभी व्होरोस मॅक्रॅकन या अमेरिकी अभ्यासकाने धाडसी प्रश्न विचारला : फलंदाजाने टोलवलेला चेंडू झेल होणार की मोकळ्या जागेत पडणार, हे पिचरच्या हाती कितपत असते? त्याने दाखवले की आपण समजतो त्याहून फारच कमी. पिचरच्या हाती प्रामुख्याने असते ते फलंदाजाला चकवून बाद करणे, फुकटची चाल न देणे आणि षटकारासारखे फटके टाळणे. उरलेल्यात क्षेत्ररक्षक, वारा आणि योगायोग यांचा वाटा मोठा. आधी लोक हसले, मग संघ त्याप्रमाणे खेळाडू निवडू लागले.

२४/
आता साधे गणित. समजा, एक चांगला गोलंदाज शेवटचे षटक दहांपैकी सहा वेळा राखतो आणि एक सामान्य गोलंदाज दहांपैकी पाच वेळा. दोघांना पाच-पाच संधी द्या. चांगला गोलंदाज पाचांपैकी तीन वा अधिक वेळा हरण्याची शक्यता जवळजवळ ३२ टक्के आहे. सामान्य गोलंदाज तीन वा अधिक वेळा जिंकण्याची शक्यता ५० टक्के. म्हणजे पाच सामन्यांवरून निवड करणारा शहाणा माणूसही वारंवार चुकीचा मुलगा निवडेल. एका सामन्यावरून करणाऱ्याची काय कथा!

२५/
याहून सोपे : ३२ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा घ्या आणि प्रत्येक सामन्याचा निकाल छापा-काटा करून लावा. चेंडू-बॅट काही नको. तरीही अखेरीस एक संघ सलग पाच सामने जिंकलेला असणारच! लाउडस्पीकरवरचा समालोचक त्याच्या ‘जिगरी’चे पोवाडे गाईल, आणि तो संघही त्यावर विश्वास ठेवील. सलग पाच विजय हा पराक्रमाचा पुरावा असू शकतो, पण एकटा तो पुरेसा पुरावा नाही.

२६/
“दबावात खरा कस लागतो” या युक्तिवादाचे काय? झहीर खान घ्या. श्रीरामपूरचा, आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला. २३ मार्च २००३, विश्वचषकाचा अंतिम सामना : पहिल्याच षटकात १५ धावा, अखेरीस ७ षटकांत ६७, बळी नाही. २ एप्रिल २०११, पुन्हा विश्वचषकाचा अंतिम सामना, वानखेडे : पहिल्या ५ षटकांत ६ धावा, १ बळी. आणि त्याच दिवशी, तोच माणूस, दहा षटके संपली तेव्हा ६० धावा! दुपारचा शूर संध्याकाळी भित्रा झाला काय?

२७/
झहीर त्या स्पर्धेत २१ बळींसह संयुक्तपणे सर्वाधिक बळी घेणारा ठरला. त्याची योग्यता त्या २१ बळींत आणि त्यामागच्या वर्षांत होती. २००३ ते २०११ या आठ वर्षांत कोणी “हा मोठ्या सामन्याचा माणूस नाही” म्हणून त्याला कायमचे घरी बसवले असते, तर ते नुकसान कोणाचे झाले असते? दबाव खरा असतो. पण त्यात माणूस कसा आहे हे एका प्रसंगातून कळत नाही.

२८/
मग मोजायचे कसे? इतिहासकार कागद तपासतो तसे.
— स्वैर चेंडू, नो-बॉल, टप्पा, यॉर्कर : हे गोलंदाजाचे. त्याची बेरीज ठेवा.
— त्रिफळा आणि पायचीत : बहुतांशी त्याचेच.
— सुटलेला झेल, चुकलेली फेक, बॅटची कड लागून गेलेला चौकार : हे वेगळ्या रकान्यात लिहा.
— तो आला तेव्हा किती धावा हव्या होत्या, समोर कोण होता : हे आधी लिहा, निकाल नंतर.
— आणि कमीत कमी एक पूर्ण हंगाम थांबा.

२९/
एवढा खटाटोप कशाला, असे वाटेल. म्हणून आता माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातल्या एका स्पर्धेत मी खेळत होतो. शेवटच्या षटकात समोरच्या संघाला ९ हव्या होत्या. गोलंदाज आमच्या गावचा सतरा वर्षांचा मुलगा. वडील ऊसतोडीच्या टोळीत. पहिल्या तीन चेंडूंत २ धावा. चौथ्यावर जमलेल्या फलंदाजाने उंच फटका मारला. चेंडू माझ्याकडे आला. मी झेल सोडला. दोन धावा झाल्या.

३०/
पाचव्यावर एक. शेवटच्या चेंडूवर ४ हव्या असताना त्याने अचूक यॉर्कर टाकला. तो बॅटची आतली कड घेऊन, यष्ट्यांना चाटून जावा तसा, मागे सीमेपार गेला. सामना गेला. लाउडस्पीकरवर त्या मुलाच्या नावाची जी थट्टा झाली ती आजही कानात आहे. माझे नाव कोणी घेतले नाही. आणि खरे सांगायचे तर मीही ते घेतले नाही. परतताना टेम्पोत सगळे त्याला बोलत होते. मी खाली मान घालून बसलो होतो.

३१/
पुढच्या महिन्यात एका निवड चाचणीला तो गेला तेव्हा त्याला विचारले गेले, “तूच ना तो, शेवटच्या बॉलला मॅच घालवणारा?” दोन षटके टाकायला दिली आणि परत पाठवले. त्याने नंतर चेंडू हाती धरला नाही. तो मोठा गोलंदाज झाला असता असा माझा दावा नाही. तसे म्हणणे म्हणजे पुन्हा पुराव्याविना निकाल देणे. माझा दावा एवढाच : तो कसा गोलंदाज होता हे कोणी पाहिलेच नाही.

३२/
२०२० साली बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर रणजी करंडकाचा सामना झाला. आपल्या रानातल्या खेळपट्टीपासून रणजीपर्यंतची वाट आता पूर्वीइतकी अदृश्य नाही. म्हणूनच त्या वाटेच्या तोंडाशी उभे असलेल्यांनी, म्हणजे प्रशिक्षकांनी, आयोजकांनी, समालोचकांनी आणि सीमारेषेवर ओरडणाऱ्या आपण सर्वांनी, ‘वाघ’ आणि ‘पनवती’ हे शिक्के खिशात ठेवावेत.

३३/
काही जण म्हणतील, “इतका हिशेब ठेवला तर खेळातली मजाच जाईल.” मला उलट वाटते. सचिनचे ते षटक मी अजूनही पाहतो आणि अंगावर काटा येतो. योगायोगाचा वाटा कळल्याने थरार कमी होत नाही. कमी होतो तो चेतन शर्माला शिवी देण्याचा अधिकार, आणि तो आपल्याला कधी नव्हताच.

३४/
तेव्हा पुढच्या स्पर्धेत शेवटचे षटक संपले की निकाल सांगण्याआधी एकदा विचारा : चेंडू कसा पडला होता? आणि झेल तुमच्या हातून सुटला असेल, तर टेम्पोत बसण्याआधी मोठ्याने सांगा. मला ते जमले नाही. हा धागा त्या मुलाच्या वाचनात आला, तर त्याने एवढे समजावे : तो झेल माझा होता.

३५/
मतभेद असतील तर जरूर मांडा. अट एकच : सामना सांगा, तारीख सांगा, चेंडूनिहाय सांगा. “सगळ्यांना माहीत आहे” हा पुरावा या धाग्यावर चालत नाही. धागा समाप्त.